भावाच्या गळ्यातला देव

मुरुमला लग्न होऊन आले तेव्हा मला सोळावं सरत आलं होतं, आणि पहिल्याच सकाळी मी माझ्या सासऱ्यांना म्हशीशी बोलताना ऐकलं.

"लक्ष्मे," ते म्हशीला म्हणत होते, "काही काही लोकांच्या चिलमीचा धूर भिंतीवरून हिकडं येतो. सकाळच्या पारी, देवाधर्माच्या वक्ताला. काही लोकांना लाज असती, काही लोकांना नसती."

लक्ष्मी रवंथ करत राहिली. भिंतीपलीकडं कुणीतरी खाकरलं आणि तिकडच्या शेळीला म्हणालं, "ऐकलंस का गं? ज्याच्या नाकाला धूर झोंबतो त्यानं आपलं नाक आपल्या हद्दीत ठेवावं म्हणावं."

मी सासूबाईंकडं पाहिलं. मल्लम्मा त्यांचं नाव. चुलीत फुंकर घालता घालता त्या म्हणाल्या, "काय न्हाय गं. भावाभावांचा अबोला हाय."

माझ्या माहेरी अबोला म्हणजे माणसं गप्प बसायची. इथला अबोला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होता.

सासरे वीरप्पा. मी त्यांना मामंजी म्हणायची. पेठेत त्यांचं भुसाराचं दुकान होतं आणि धार्मिक म्हणून गावात मोठं नाव होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे इतके ठसठशीत की कुणाला वाटावं, पोत्यावर खूण केली आहे. पूजेला बसले की डोळे घट्ट मिटायचे आणि मोठ्यानं पुटपुटायचे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही त्यांची एकाग्रता कळावी. पलीकडचे कल्याणप्पा त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांचं तंबाखूचं दुकान. डोक्यावर लाल रुमी टोपी, तोंडात उर्दू, आणि संध्याकाळी पोलीस चौकीच्या जमादाराबरोबर पत्ते. मामंजींच्या मते कल्याणप्पा म्हणजे घराण्याला लागलेली कीड. कल्याणप्पांच्या मते मामंजी म्हणजे ढोंगाचं पोतं. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, हे मला महिन्याभरातच कळलं, पण नव्या सुनेनं ते सांगायचं कुणाला? माझा नवरा मल्लिनाथ या दोघांच्या मधे वाढला, त्यामुळं त्यानं लहानपणीच गप्प राहायची सवय लावून घेतली होती. या गोष्टीतही तो फारसा यायचा नाही.

भांडण कशावरून झालं, हे मी सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या आधी इकडंतिकडं बघून हसल्या.

मामंजींचे वडील महालिंगप्पा गेले, त्याच्या अकराव्या दिवसाची ही गोष्ट. घरात लोक जमलेले. घरच्या गुरूंनी, रेवणय्या स्वामींनी, दोघा भावांना शेजारी शेजारी बसवलं. आमच्या लिंगायतांत ज्याचं त्याचं इष्टलिंग गळ्यात असतं, त्यालाच आम्ही देव म्हणतो. ते लहानपणी गुरूनं दिलेलं, मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. रोज सकाळी आंघोळ करून ते तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं. सुतकानंतर नवं वस्त्र बांधायचं म्हणून स्वामींनी दोघांचे देव सोडवून घेतले, त्यांना काळा लेप नव्यानं लावला आणि एकाच ताटात बेलाच्या पानावर ठेवले. तेवढ्यात आचारी विचारायला आला, जेवणात काय करायचं, पुरणपोळी का हुग्गी?

"पुरणपोळी," मामंजी म्हणाले. "गावातली मोठी माणसं यायलीत."

"हुग्गी," कल्याणप्पा म्हणाले. हुग्गी म्हणजे गव्हाची, गूळ घातलेली दाट खीर. "जेवण बापाचं हाय. बापानं जन्मात पोळी दुसऱ्यांदा मागितली न्हाय."

त्यावर मामंजींनी बापाच्या इज्जतीची गोष्ट काढली. कल्याणप्पांनी मामंजींनी बापाच्या आजारपणात काय काय केलं नाही ते काढलं. मग रुमी टोपी निघाली, चिलीम निघाली, कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते निघालं. स्वामींना पुढच्या गावी जायचं होतं. त्यांनी घाईघाईनं दोन्ही वस्त्रांना गाठी मारल्या, दोघांनी रागारागानं समोरचं उचलून गळ्यात घातलं आणि दोघं दोन दारांनी बाहेर पडले. आचाऱ्यानं शहाणपणानं दोन्ही पदार्थ केले. भावांनी एकही खाल्ला नाही. महिन्याभरात अंगणातून भिंत गेली.

भिंत सरळ आली आणि मधल्या आडाशी अडली. आड कसा वाटणार? मग ती आडाच्या एका काठाला थांबवून दुसऱ्या काठापासून पुन्हा चालू केली. आडावरची जागा उघडी राहिली, तिथून एकमेकांची तोंडं दिसायला लागली. म्हणून तिथं एक पत्रा टांगला. तो मामंजींनी टांगला. भावाचा पत्रा आपण का वापरायचा, म्हणून कल्याणप्पांनी आपल्या बाजूनं दुसरा टांगला. एका आडाला दोन रहाट झाले. दोन्ही घरच्या बायका मात्र पाणी काढायला वाकल्या की पत्र्याखालून एकमेकींना दिसायच्या. सासूबाई आणि कल्याणप्पांची बायको शांताक्का यांच्यात नऊ वर्षांत एक दिवस बोलणं थांबलं नाही. कालवणाची वाटी इकडून जायची, चटणीची तिकडून यायची. मामंजी ती चटणी मिटक्या मारत खायचे आणि विचारायचे नाहीत कुठून आली. शांताक्काला मूलबाळ नव्हतं. माझा नवरा अर्धा तिच्या हातचं खाऊनच वाढला होता.

आणखी एक गोष्ट मला पहिल्यापासून चमत्कारिक वाटायची. रोज पहाटे पलीकडचा रहाट आमच्या आधी कुरकुरायचा. मामंजी उठून बसायचे, कान द्यायचे आणि म्हणायचे, "तंबाखू भिजवायला पाणी काढायलाय. देवाला न्हाय कधी काढायचा."

एकदा चौकीवरचा जमादार आमच्या दुकानाशी आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की वीरप्पाच्या घरात पांढरी गांधी टोपी आहे. ते निजामाच्या राज्यात साधं काम नव्हतं. टोपी होती. ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवलेली. मामंजी महिन्यातून एकदा आतल्या खोलीची कडी लावून ती पाव तास डोक्यावर घालायचे, देशाची सेवा करायचे आणि पुन्हा कणगीत ठेवायचे. जमादार उंबरा ओलांडणार तेवढ्यात कल्याणप्पा आपल्या दुकानातून ओरडले, "जमादारसाहेब, कुणाच्या घरात टोपी हुडकताव? आमच्या अण्णाला बायकोच्या म्होरं पागोटं वाकडं घालायची हिंमत न्हाय. चला, पत्ते मांडलेत." जमादार हसत माघारी गेला.

मामंजींनी त्या दिवशी म्हशीला तासभर सुनावलं. सगळ्या पेठेत त्यांना भित्रा म्हटलं होतं. टोपी वाचली, हे त्यांनी म्हशीला सांगितलं नाही.

निजामाचं राज्य जायला दोनेक वर्षं होती तेव्हाची ही गोष्ट. भाद्रपदात कल्याणप्पांना मुदतीचा ताप आला. हकीम म्हणाले, एकविसावा दिवस बघायचा. उतरला तर उतरला. भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा, शेळीशी बोलणं मात्र बंद झालं. दहाव्या दिवशी मामंजी म्हशीपाशी जाऊन मोठ्यानं म्हणाले, "लक्ष्मे, काही लोक लंघन करत न्हाईत, म्हणून ताप उतरत न्हाय." पलीकडून उत्तर आलं नाही. ते तिथंच हात मागं बांधून बराच वेळ उभे राहिले. मग पुन्हा म्हणाले, थोडं आणखी मोठ्यानं. शेळी तेवढी ओरडली.

"जाऊन या की," सासूबाई म्हणाल्या.

"बोलवल्याबिगर?"

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मामंजी पूजेला बसले होते. डोळे मिटलेले, देव तळहातावर. पलीकडून शांताक्का एकदम किंचाळली, "अवो, पडाल की!" आणि मामंजींनी दचकून डोळे उघडले. पूजा करताना त्यांनी डोळे उघडल्याचं मी तरी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्यांची नजर हातातल्या देवावर गेली. त्यांनी तो उजेडाकडं धरला. मग त्यांच्या हातातला तांब्या कलंडला आणि सगळं पाणी माझ्या सारवलेल्या जमिनीवर गेलं.

देवाच्या बुडाशी एक टवका उडालेला होता. तिकोनी.

तो टवका घरात सगळ्यांना माहीत होता. कल्याणप्पा सात वर्षांचे असताना त्यांनी गळ्यातल्या देवानं बिब्ब्याच्या गोडंब्या फोडल्या होत्या. थोरल्या भावानं म्हणजे मामंजींनी ते बापाला सांगितलं होतं, आणि बापानं धाकट्याला खांबाला बांधून झोडपलं होतं. म्हणजे मामंजींच्या हातात होता तो कल्याणप्पांचा देव. आणि मामंजींचा देव नऊ वर्षं चिलीम ओढणाऱ्या, पत्ते खेळणाऱ्या भावाच्या गळ्यात होता.

"नऊ वरसात हाताला लागला न्हाय हे?" सासूबाईंनी विचारलं.

मामंजी खाली बघत म्हणाले, "लागायचा. मला वाटायचं, माझ्या पूजेनं झिजलाय."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी चुलीकडं तोंड केलं. हसायची वेळ नव्हती, पण ती वेळ नसते तेव्हाच हसू येतं.

आता घोटाळा असा की दुसऱ्याच्या देवाची पूजा चालत नाही. पूजा नाही तर जेवण नाही, पाणी नाही. आणि मामंजी म्हणजे न्याहारीला तीन भाकरी खाणारा माणूस. त्याहून मोठी धास्ती दुसरीच. आमच्यात माणूस गेला तर त्याला बसवून मातीत देतात आणि त्याचा देव त्याच्या तळहातावर ठेवून त्याच्याबरोबर देतात. एकविसावा दिवस परवावर आला होता.

"तो गेला तर माझा देव मातीत जाईल," मामंजी म्हणाले.

"अन् भाऊ जाईल त्याचं काय न्हाय?" सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

दुपारी त्यांनी रेवणय्या स्वामींना बोलावणं पाठवलं. स्वामींचं वय झालं होतं पण भुकेचं झालं नव्हतं. उपाशी मामंजींनी समोर बसून आम्हाला त्यांचं ताट वाढायला लावलं आणि स्वामी भातावर तूप घेत असताना हळूच विचारलं, "स्वामी, समजा एका माणसाचा देव चुकून दुसऱ्याच्या गळ्यात गेला, तर काय करावं?"

स्वामींचा हात तुपाच्या वाटीवर थांबला. त्यांना दोन देवांचं ते ताट आठवलं असावं. "असा माणूस आपल्या गावात न्हाय," ते म्हणाले.

"समजा हाय."

"मग त्यानं समक्ष जावं अन् ज्याचा त्याला देऊन आपला घ्यावा. तिसऱ्याचा हात लागू देऊ न्हाय. अन् वस्त्र कुणी बांधलं होतं त्याचं नाव काढू न्हाय. त्यानं दोष लागतो." एवढं सांगून त्यांनी आणखी भात मागितला, पोटभर जेवले आणि वामकुक्षीलाही न थांबता गेले.

मामंजींनी तो दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून भाजलेल्या गव्हाचा आणि गुळाचा वास आला आणि त्यांचा धीर सुटला. पण जायचं कुठून? कल्याणप्पांचं दार पेठेत उघडायचं. सगळे दुकानदार बघणार, वीरप्पा भावाच्या दारात गेला. नऊ वर्षांचा अबोला असा भर बाजारात मोडायचा म्हणजे नाक कापून हातात घ्यायचं. मामंजी आडाकडं बघत उभे राहिले. आडाला दगडी काठ होता, हात-दीड हात रुंद. त्या काठावरून चालत गेलं आणि दोन पत्र्यांखालून वाकून पार झालं की पलीकडचं अंगण.

"मल्लिनाथ कुठाय?" त्यांनी विचारलं.

माझा नवरा नेहमीप्रमाणं नव्हता.

"नीलम्मा, धोतर धर," मामंजी मला म्हणाले.

सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हे मला आईनं शिकवलं होतं. धोतराचं काही सांगितलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी सोगा धरला. मामंजी काठावर चढले, मागून मी. भुसाराचा व्यापारी, पोट पुढं, खाली काळं पाणी. पहिल्या पत्र्याखाली वाकले. तो मोठा पत्रा त्यांचा स्वतःचाच होता. त्याची कड त्यांच्या पागोट्यात अडकली. पागोटं आडात पडलं. खालून आवाज आला तशी म्हैस हंबरली.

"सोडू नगंस," मामंजी म्हणाले.

"न्हाय सोडत."

"अन् कुणाला सांगू नगंस."

तेही मी आजवर पाळलं होतं.

दुसऱ्या पत्र्याखालून आम्ही दोघं पलीकडं निघालो तेव्हा शांताक्का समोर कळशी घेऊन उभी होती. तिनं डोक्यावर पदर ओढला आणि म्हणाली, "भावजी, आमच्या घराला दार हाय की."

"दारातून आलो असतो तर आलो असं झालं असतं," मामंजी म्हणाले आणि बोडक्या डोक्यानं आत गेले.

आत कल्याणप्पा बाजेवर पडले होते. मी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. लाल टोपी खुंटीला होती, आणि टोपीशिवाय ते अगदी मामंजींसारखे दिसत होते, फक्त कुणीतरी त्यातून सगळं मांस काढून घेतल्यासारखे. उघड्या छातीवर पांढऱ्या वस्त्रातला देव होता. तो खालीवर होत होता.

मामंजी उभे राहिले. बोलायची सुरुवात कुठून करावी त्यांना कळेना. खोलीत म्हैस नव्हती. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि उशापाशी ठेवलेल्या तांब्याला म्हणाले, "काही लोकांकडं दुसऱ्याची वस्तू हाय."

कल्याणप्पांनी डोळे उघडले. "अण्णा," ते म्हणाले, "तांब्याला काय सांगताव? म्या हाय की अजून."

मामंजी बाजेच्या कडेला बसले. "तम्मा," ते म्हणाले. लहान भावाला हाक मारायचा आमच्यातला तो शब्द नऊ वर्षं त्यांनी तोंडात आणला नव्हता, आणि तो नीट बाहेरही येईना. "तम्मा, तुझ्या गळ्यात हाय ते माझं हाय."

"व्हय."

"व्हय म्हणजे? तुला ठाव हाय?"

"पहिल्या महिन्यातच कळलं. माझ्याला कितीबी लेप लावला तरी दोन दिसात टवका उघडा पडायचा. महिना झाला, उघडा पडंना. म्हणलं, हे आपलं न्हाय. हे अण्णाचं गुळगुळीत."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी बोलत नव्हताव."

"म्हशीला सांगायचं होतंस!"

"देवाची गोष्ट म्हशीला कशी सांगू?" कल्याणप्पा म्हणाले. त्यांना खोकला आला. शांताक्कानं त्यांना आधार देऊन उठवलं, पाठीला पोतं लावलं.

मामंजींचा राग तोवर जमला होता. राग आला की त्यांना बरं वाटायचं, बोलायला जमायचं. "अन् नऊ वरसं काय हाल केलेस माझ्या देवाचे? चिलमीचा धूर दिलास, पत्त्याच्या डावाला बसवलास. एक दिवस पाणी तरी घातलंस का? मला ठाव हाय तुझी पूजा. आठवड्यात चार दिस बुडवायचास."

इतका वेळ पदराआड असलेली शांताक्का फाडकन बोलली, "भावजी, काल हे बाजेवरून पडले कशानं, इचारा. एकोणीस दिस ताप, पाय टेकवत न्हाय, अन् पूजेला खाली बसायचं म्हणून उतरले. माझ्या अंगावर पडले. रोज पहाटं रहाट कशाला वाजतो वाटलं तुमाला?"

मामंजी म्हणणार होते, तंबाखू भिजवायला.

"जाऊ दे गं," कल्याणप्पा म्हणाले. मग भावाकडं न बघता, खुंटीवरच्या टोपीकडं बघत, थांबत थांबत बोलले. "माझा असता तर बुडवली असती, अण्णा. बुडवतच होतो. माझा माझ्यावर रुसला तर मी अन् तो बघून घेऊ. पर हा तुमचा. तुमी तिकडं पूजा झाली म्हणून जेवाय बसणार, अन् तुमचा देव हितं पारोसा. म्हणजे तुमचं जेवण बाटलं की रोज. तुमाला सकाळच्या पारी भूक सोसत न्हाय. म्हणून म्या तुमच्या आधी आवरायचो."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. या घरात दिल्याबद्दल मी माझ्या बापाला मनातल्या मनात पुष्कळ बोल लावले होते. म्हशीशी बोलणारी, पत्रे टांगणारी, खिरीवरून भिंत बांधणारी ही माणसं. त्या क्षणी मला ती सगळी एकदम फार आवडली, आणि का आवडली ते कुणी विचारलं असतं तर रडायला आलं असतं.

मामंजींनी गळ्यातलं वस्त्र सोडलं. कल्याणप्पांचा देव बाहेर काढून तळहातावर घेतला. टवक्यावरून अंगठा फिरवला.

"हा घे तुझा," ते म्हणाले. मग हात तसाच धरून थांबले. "तुझा तुला दिला तर उद्या पूजा करशील?"

कल्याणप्पांनी विचार केला. त्या माणसात हजार खोड्या असतील, पण तो खोटं बोलायचा नाही, निदान घरात तरी. "ताप उतरला तर बघू," ते म्हणाले.

"म्हणजे न्हाय."

"न्हाय."

मामंजींनी हात मागं घेतला. देव पुन्हा वस्त्रात गुंडाळला आणि स्वतःच्या गळ्यात घातला.

"राहू दे माझा तुझ्यापशी," ते म्हणाले.

"अण्णा, असं कसं? रेवणय्याला कळलं तर?"

"त्याचं नाव काढू नगंस. त्यानं दोष लागतो."

"अन् उद्या एकविसावा दिस हाय." कल्याणप्पांचा आवाज बारीक झाला. "माझा काय भरवसा? म्या गेलो तर तुमचा देव मातीत जाईल."

मामंजींनी आपला जाडजूड हात भावाच्या छातीवर, त्या वस्त्रावर ठेवला. "म्हणून तर सांगायलोय," ते म्हणाले. "माझा देव गळ्यात घालून जायचं न्हाय. मला इचारल्याबिगर बिलकुल जायचं न्हाय."

मग दोघं शेजारी शेजारी बसले, एक बाजेवर, एक खाली. शांताक्कानं पाणी आणलं, मी बेलाची पानं. दोघांनी एकमेकांच्या देवाची पूजा केली. मामंजींनी डोळे उघडे ठेवले होते. मधेच ते हातातलं सोडून भावाच्या हाताकडं बघायचे, पाणी नीट घालतो की नाही ते. कल्याणप्पांनी एकदा म्हटलं, "आपल्या हातात बघा."

पूजा झाली आणि शांताक्कानं मामंजींपुढं हुग्गीचं ताट ठेवलं. कल्याणप्पांना खायला मनाई होती, पण वास तरी घेतो म्हणून त्यांनीच ती करायला लावली होती. मामंजींनी एक घास घेतला. दोन दिवसांचा उपाशी माणूस. तीन वेळा वाढून घेतलं आणि ताट पुसून झाल्यावर म्हणाले, "गूळ कमी पडलाय."

"पोळी करायला सांगू का?" बाजेवरून कल्याणप्पा म्हणाले.

मामंजी ताडकन उठले आणि आडाकडं निघाले. मी धोतर धरायला मागं धावले.

एकविसाव्या दिवशी पहाटे आमच्या घरात सगळे जागे होते आणि सगळे झोपल्याचं सोंग करत होते. पलीकडचा रहाट वाजेना. उजाडायला लागलं तरी वाजेना. मामंजी उठून म्हशीच्या दावणीपाशी जाऊन उभे राहिले. पूजा केली नव्हती, अंगावर नुसतं धोतर. गळ्यातलं वस्त्र त्यांनी हातात धरलेलं होतं. मग कुर्र झालं. सासूबाई चुलीपाशी मटकन बसल्या. मामंजींनी लक्ष्मीच्या पाठीवर एक थाप मारली आणि तिला म्हणाले, "उशीर केला काही लोकांनी."

ताप उतरला. महिन्याभरात कल्याणप्पा टोपी घालून दुकानात बसायला लागले, आणखी पंधरवड्यानं चिलीम आली. आता भिंत पडेल असं मला वाटलं होतं, पण मी अजून या घराला नवीन होते. भिंत पडली नाही. आडातून पागोटं काढायचं कुणी, आणि ते पाण्यात पडल्यामुळं पाणी खराब झालं ते कुणाचं, यावरून म्हैस आणि शेळी यांच्यात पुन्हा सुरू झालं. पत्रेही तसेच राहिले. फक्त मामंजींनी आपल्या पत्र्याची खालची कड हातभर कापून घेतली, वाऱ्यानं वाजतो म्हणून.

आणि रोज सकाळी, आंघोळ पूजा झाली, सासूबाईंनी ताट वाढलं, की मामंजी पाटावर बसायच्या आधी दावणीकडं जायचे.

"लक्ष्मे," ते म्हशीला विचारायचे, "झाली का गं पूजा?"

पलीकडं चूळ भरल्याचा आवाज यायचा. मग कल्याणप्पा शेळीला सांगायचे, "झाली. अण्णाला म्हणावं, जेवा."